दोन खुणांची पट्टी

धायरीत आता कोण कधी घरी पोचणार हे मोबाईल सांगतो. बायडाबाईंच्या उमेदीच्या काळात ते काम दत्तोबांच्या ट्रकचा पट्टा करायचा.

पट्टा म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा काळा रबरी बेल्ट. पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर, तिघांना तोच गरगर फिरवतो. तो सैल पडला की पुलीवरून घसरतो, आणि घसरला की असा किंचाळतो की दाराआडची मांजरं घर सोडून पळतात. दत्तोबांचा ट्रक दिवेलागणीला ओढ्याच्या वळणावर यायचा, तिथून चढ लागायचा, आणि चढ लागला की ही किंचाळी सुरू व्हायची. सगळी आळी ओळखायची. दत्तोबा आले.

बायडाबाई मग हातातलं काम टाकायच्या. चुलीवर पाण्याचा हंडा चढवायच्या, वाटेत ऐसपैस बसलेल्या म्हशीला दोन शिव्या देऊन उठवायच्या, फाटक उघडून कोपऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. ट्रक समोर आला की मात्र चेहरा असा करायच्या की जणू सहज म्हणून आल्यात.

"अवो, जगाच्या गाड्या गुपचूप येत्यात. तुमचीच तेवढी बोंब मारत येती. तेवढा पट्टा ताणून आणा की."

"आणतो की," दत्तोबा चपला काढता काढता म्हणायचे. "पोपट गावाला गेलाय."

पोपट म्हणजे सिंहगड रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारा, दत्तोबांचा लहानपणापासूनचा दोस्त. बायडाबाईंनी पट्ट्याचा विषय काढला की हा पोपट नेमका गावाला गेलेला असायचा. उन्हाळ्यात जत्रेला, पावसाळ्यात पेरणीला, हिवाळ्यात कुणाच्या तरी लग्नाला. एवढं गावाला जाणारा माणूस गॅरेज उघडतो तरी कधी, हे बायडाबाईंना कधी कळलं नाही. पण नवरा म्हणजे आळसाचा पुतळा, एवढं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्या ट्रकने विटा वाहिल्या. लोणी काळभोरच्या पलीकडच्या भट्ट्यांवरून विटा भरायच्या आणि धायरीत आणून ओतायच्या, हा दत्तोबांचा जन्मभराचा धंदा. स्वतःच्या वावराच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या त्या त्यांनीच आणलेल्या विटांवर. ज्वारीची ताटं गेली, ओढ्यावर पूल झाला, म्हैस विकली, चुलीच्या जागी गॅस आला. बायडाबाईंच्या दारातून पूर्वी सिंहगड दिसायचा, आता समोरच्या इमारतीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. त्यातल्याच एका बाल्कनीतून एक निवृत्त गृहस्थ एकदा दत्तोबांना म्हणाले होते, "अहो, या ट्रकला कुठे दुखतंखुपतं का? एकदा दाखवून घ्या कुणाला तरी. आम्हाला बघवत नाही, म्हणजे ऐकवत नाही." दत्तोबा हसले आणि म्हणाले, "डॉक्टर गावाला गेलाय."

दोन वर्षांपूर्वी दत्तोबा गेले. रस्त्यावर नाही, घरातच, सकाळचा चहा अर्धा पिऊन झाल्यावर. पाठीला उशी लावून दे म्हणाले, आणि उशी लावेपर्यंत संपलं होतं.

तेराव्यानंतर ट्रक मुलाने, रविराजने, बाहेर काढला. त्या दिवशी संध्याकाळी बायडाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. ओढ्याच्या वळणावरून किंचाळी आली. त्या उठल्या, पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, पदर सारखा केला आणि दारापर्यंत गेल्या. तिथे पोचल्यावर त्यांना आठवलं. मग त्या उंबऱ्यावरच मटकन बसल्या आणि पहिल्यांदा पोटभर रडल्या. तोवर पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत त्यांना रडायलाही सवड झाली नव्हती.

पुढे त्याची सवयच झाली. घरात गीझर होता, रविराज त्याच पाण्याने आंघोळ करायचा. तरी संध्याकाळी पट्टा किंचाळला की बायडाबाई गॅसवर पाणी ठेवायच्या. किंचाळी ऐकू आल्यापासून ट्रक दाराशी येईपर्यंतचा तो थोडासा वेळ त्यांचा असायचा. तेवढ्या वेळात ट्रक कोण चालवतंय हे ठरलेलं नसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. उलट रविराज घरात आला की त्या त्यालाही तेच ऐकवायच्या, "बापासारखाच हाय. पट्टा ताणता येईना."

सून वैष्णवी मात्र रोज तापून निवणारं ते पाणी बघायची. मग त्या पाण्याने भांडी घासायची.

यंदाच्या उन्हाळ्यात गोष्ट निकरावर आली. विटांनी भरलेला ट्रक सोलापूर रस्त्यावर ऐन दुपारी बंद पडला. पट्टा घसरला, पंप फिरेना, पंखा फिरेना, रेडिएटरमधलं पाणी उकळून फसाफसा बाहेर आलं. मागे गाड्यांची रांग लागली. जाणारा येणारा प्रत्येक जण रविराजच्या आईबापांची आठवण काढून पुढे गेला. तो घरी आला तेव्हा चेहरा भाजून काळाठिक्कर पडला होता.

"बस झालं, आई," तो बुटांची लेस सोडायचं सोडून तसाच भिंतीला टेकला. "मी हा भंगारात देतोय. नवीन पिकअप बघून आलोय."

बायडाबाईंनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "भंगारात? म्हंजी तोडणार त्येला?"

"मग काय पूजा करू? बेल्ट स्लिप होतो गं सारखा. टाईट केला की दोन-चार ट्रिपमध्ये परत लूज. नवीन बेल्ट टाकला, साबण घासून झाला, पोपटकाकांनी तर लाकडाची पाचरसुद्धा ठोकली. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे, पण काका नीट बोलतच नाहीत. विचारलं की इकडचं तिकडचं सांगतात."

"आन् घसरायचा थांबला तर?"

"तर कशाला देईन? इंजिन अजून ठणठणीत आहे. पण आता एकदाच बघणार. नाही जमलं तर विषय संपला."

वैष्णवी म्हणाली, "अहो, आधी पाणी तरी प्या."

त्या रात्री बायडाबाईंचा डोळा लागला नाही. गणित सोपं होतं आणि म्हणूनच ते सुटत नव्हतं. पट्टा तसाच राहिला तर ट्रक जाणार. कुणीतरी गॅसकटर लावून त्याचे तुकडे करणार, ज्या सीटवर त्यांचा माणूस जन्मभर बसला ती सीट कुठल्या ढिगाऱ्यावर पडणार. आणि पट्टा दुरुस्त झाला तर ट्रक राहणार, पण मुका होऊन. संध्याकाळचा तो थोडासा वेळ जाणार. जन्मभर ज्या आवाजाला नावं ठेवली तो जाऊ नये असं वाटतंय, हे कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचं? सकाळी त्यांनी नेसूचं लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि रविराजच्या आधी ट्रकपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तू कुठे?"

"गॅरेजला. तुझ्या बापाला जमलं न्हाई, तुला जमना. आता मी बघते."

पोपटचं शेड होतं तिथेच होतं, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना आता मोठाली दुकानं झाली होती. एकीकडे फरशा, दुसरीकडे केक. मधे काळ्या तेलाने माखलेली जमीन आणि त्या जमिनीवर उकिडवा बसलेला पोपट, डोक्याचे केस कापसासारखे. बायडाबाईंना ट्रकमधून उतरताना बघून तो घाईघाईने उठला. जुना टायर पुसून त्यावर गोणपाट टाकलं.

"वहिनी, तुम्ही? बसा, बसा. च्या सांगतो."

"च्या नको. ह्येची बोंब बंद करा आधी."

पोपटने बॉनेट उघडलं. त्याने टॉर्च लावून आत बघितलं, पण बघायची गरज नसल्यासारखं बघितलं. मग रविराजला बोट दाखवून म्हणाला, "ही पट्टी बघ. हिच्यावर सगळा खेळ."

अल्टरनेटरला धरून ठेवणारी ती कमानदार लोखंडी पट्टी होती. तिला मधोमध लांब खाच, खाचेत एक बोल्ट. बोल्ट सैल करायचा, अल्टरनेटर बाहेर ओढायचा, पट्टा ताणला गेला की बोल्ट पुन्हा आवळायचा. इतकंच तिचं काम. पण खाचेच्या दोन्ही कडा झिजून पातळ झाल्या होत्या. बोल्ट कितीही आवळला तरी त्याला धरायला लोखंडच उरलं नव्हतं. इंजिन थरथरलं की तो आपोआप सरकायचा आणि पट्टा सैल पडायचा.

"मग हे आधीच का नाही बदललंत, काका?" रविराज वैतागला. "दोन वर्षं मी बेल्ट बदलतोय!"

पोपट फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. "बदलू," तो म्हणाला. "जाड पत्र्याची नवी करतो. नुसता बोल्ट न्हाई, मागनं लांब स्क्रू देतो. स्क्रू फिरवायचा, अल्टरनेटर पुढं सरकंल, वरनं नट आवळून टाकायचा. मागं यायचं नावच घेणार न्हाई. आन् एक छोटी पुली बसवतो पट्ट्याच्या अंगावर दाबून, म्हंजी घसरायला जागाच राहायची न्हाई." हे सगळं तो रविराजला सांगत होता, पण बघत होता बायडाबाईंकडे. "वहिनी, बदलू ना?"

"मग मी काय हवा खायला आले व्हय?"

"नक्की?"

"भाऊजी, किती येळा इचारताय?"

पोपटने सामान सांगितलं आणि रविराज ते आणायला फाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे गेला. पोपट ट्रकखाली शिरला. पाना फिरल्याचा आवाज आला, एक बोल्ट खाली पडला, आणि थोड्या वेळाने तो हातात ती जुनी पट्टी घेऊन बाहेर आला. गप्प राहणं बायडाबाईंच्या स्वभावात नव्हतं.

"तवा तुम्ही एवढं गावाला जात नसता, तर ह्ये कवाच झालं असतं."

"कोण गावाला जात हुतं?"

"तुम्ही. जवा बघावं तवा पोपट गावाला गेलाय. जत्रेला गेलाय, पेरणीला गेलाय."

पोपट त्यांच्याकडे बघत राहिला. मग खुदकन हसला, मग त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने तेच काळं फडकं डोळ्यांना लावलं. "वहिनी, माझं गाव धायरीच. मी कुठं जाणार हुतो?"

बायडाबाईंना काही कळेना. पोपटने पट्टी रॉकेलमध्ये बुडवली, चिंधीने खसाखसा पुसली आणि त्यांच्या हातात दिली. "खाचेच्या कडंला बघा. दिसतंय का?"

तिथे कानशीने मारलेल्या दोन खुणा होत्या. एक खाचेच्या बाहेरच्या टोकाला, एक थोडी आत.

"ही भायेरची रस्त्याची," पोपट म्हणाला. "बोल्ट हितं आवळला की पट्टा ताठ. दत्तोबा दिसभर असाच चालवायचा. कधी गाडी तापली न्हाई त्येची, कधी बंद पडली न्हाई. आन् ही आतली, ही घरची. संध्याकाळी ओढ्यापाशी यायचा, गाडी कडंला लावायचा, उतरून पाना घालायचा आन् पट्टा सैल सोडायचा. सकाळी निघताना ओढा वलांडला की परत ताणायचा. रोज. पाना लागून लागून पट्टी झिजली ती अशी."

"कशापायी?"

"आता ते काय मी सांगावं?" पोपट ओशाळला. "गाडी नवी घेतली तवा पट्टा खरंच सैल हुता. मी ताणून दिला. दुसऱ्या दिशी आला माझ्याकडं, तोंड हे एवढंसं. म्हणला, पोपट्या, काल गुपचूप घरी गेलो. फाटक बंद. तुझी वहिनी पाठमोरी तांदूळ पाखडत बसलेली. माझी चाहूल लागली तशी दचकली, सूप उलटं झालं. म्हणला, घरी गेल्यागत वाटलंच न्हाई रं. कुणी वाट बघितलीच न्हाई असं वाटलं. मग म्हणला, कानस दे."

बायडाबाईंना ते सांडलेले तांदूळ आठवले. आंबेमोहोर होता. मातीतून एकेक दाणा वेचताना त्यांनी नवऱ्याची केवढी खरडपट्टी काढली होती. असं मुक्याने काय येता, आवाज देत येत जावा की, असं त्याच म्हणाल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टा पुन्हा किंचाळू लागला होता. मग पुढची सगळी वर्षं त्यांनी नवऱ्याला आळशी म्हटलं. त्यानेही ऐकून घेतलं आणि पोपटला गावाला पाठवत राहिला.

"येडा माणूस," त्या म्हणाल्या. "येडाच हुता." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी एकदम अंगावर आल्या. ओढ्यापाशी वाकून पाना फिरवणारा, विटांच्या धुळीने लाल झालेला तो माणूस त्यांनी एकदाही बघितला नव्हता. कोपऱ्यावर उभं राहून वाट बघणारी बाई बघण्यासाठी तो रोज गाडी थांबवून उतरत होता, आणि त्या मात्र सहज आल्यासारखा चेहरा करून उभ्या राहत होत्या. त्यांना त्या चेहऱ्याचा आता फार राग आला.

पोपटने त्यांना रडू दिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणून माझा हात धजत नव्हता, वहिनी. अजून सांगा. जुनी पट्टी परत बसवतो. पोराला म्हणतो, जमलं न्हाई."

बायडाबाईंनी पट्टीवरच्या खुणांवरून बोट फिरवलं, आधी आतल्या, मग बाहेरच्या. रस्त्यावर रविराज पिशवी घेऊन येताना दिसत होता. त्याच्या नाकाची उन्हाने सोललेली कातडी इथून दिसत होती.

"नगं," त्या म्हणाल्या. "पोराच्या बापानं पण गाडी कधी तापू दिली न्हाई म्हणताय न्हवं? मग माझं पोरगं कशाला उन्हात उभं राहील? बसवा नवी. चांगली घट्ट बसवा."

त्यांनी जुनी पट्टी पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली.

दुपार कलेपर्यंत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत राहिल्या. नवी पट्टी बसली, स्क्रू बसला, छोटी पुली पट्ट्याला अंग लावून बसली. रविराजने ट्रक चालू केला, दिवे लावले, पाय दाबून इंजिन पार गरजवलं. पट्टा कुठे चकार शब्द बोलला नाही. रविराज खिडकीतून ओरडला, "काका, मानलं तुम्हाला! एकदम सायलेंट!" पोपट हसला नाही. त्याने बॉनेट लावलं आणि त्यावर दोनदा थापटलं.

दुसऱ्या दिवशी रविराज विटा आणायला गेला. संध्याकाळी बायडाबाई दारात बसल्या. समोरच्या बाल्कनीतले दिवे लागले, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, खाली दुचाक्यांची घरी परतायची गर्दी सुरू झाली. ओढ्याकडून काहीच आलं नाही, आणि आता येणारही नव्हतं. ट्रक कुठल्याही क्षणी गुपचूप येऊन उभा राहील आणि आपण पाठमोऱ्या असू, हे त्यांच्या मनात आलं. त्या उठल्या. गॅसवर पाणी ठेवलं, आच बारीक केली, कालची पिशवी उचलली.

"वैष्णवी, पाण्याकडं ध्यान ठेव गं. मी येते."

"कुठे जाताय, आई? अंधार होईल आता."

"हितंच. ओढ्यापातूर."

चढ उतरताना गुडघे बोलत होते, पण त्या थांबल्या नाहीत. वळणावर आता पूल होता, पुलाच्या कडेला मोठे सिमेंटचे पाइप आणून टाकले होते. खाली ओढ्यात पाण्यापेक्षा प्लॅस्टिक जास्त होतं. रस्त्याच्या डाव्या अंगाला एक ट्रक मावेल एवढी जागा होती. इथेच थांबत असणार. त्या तिथे, पाइपाला टेकून, उभ्या राहिल्या, आणि कुणी बघितलं तर बघू दे म्हणून चेहरा जसा होता तसाच ठेवला.

ट्रक आला तो दिव्यांमुळेच कळला. रविराजने त्यांना बघितलं आणि कचकन ब्रेक मारला.

"आई! काय झालं? इथे काय करतेस तू?"

"काय न्हाई. आवाज येत न्हाई आता तुझा. म्हणून म्या आले. हात दे."

तो उतरून आला, त्याने त्यांना धरून पायरीवरून वर चढवलं. बायडाबाई सीटवर बसल्या, लुगडं सावरलं. रविराज गिअर टाकायला गेला तसा त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब जरा. गाडी बंद कर. हितं थोडं थांबून मग घरी जायचं असतं."

"का?"

त्यांनी पिशवीतून पट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. ओढा, पाना, सांडलेला आंबेमोहोर, कधीच गावाला न गेलेला पोपट. मागून एक-दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले आणि कंटाळून बाजूने निघून गेल्या. रविराज अंगठ्याने त्या दोन खुणा चाचपत बसला. मग त्याने विचारलं, "आणि तुला कधीच नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं की. रोज सांगत हुता. मलाच ऐकू आलं न्हाई."

रविराजने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पट्टी त्याने समोर काचेपाशी, दत्तोबा अगरबत्ती लावायचे तिथे ठेवली.

"चल आता," बायडाबाई म्हणाल्या. "तुझ्या आंघोळीला पाणी ठेवून आलेय."